नव्या शेतकऱ्याला जमीन कोण देणार?



शेती सोडून शहराकडे निघालेल्या माणसाविषयी आपण गेली तीस-चाळीस वर्षे बोलत आलो आहोत. त्याच्यावर लेख झाले, परिसंवाद झाले, समित्या नेमल्या गेल्या. परंतु शेतीत नव्याने पाऊल टाकू पाहणाऱ्या माणसाचा विचार आपल्या चर्चेत जवळपास नसतोच. अशी माणसे आहेत तरी कोठे, असेही कुणी विचारील. ती पुष्कळ आहेत. वीस-वीस वर्षे दुसऱ्याच्या शेतात राबून मातीची आणि पिकाची नाडी ज्याला अचूक कळते असा शेतमजूर आहे. राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतलेला, पण वडिलांच्या नावावर गुंठाभरही रान नसलेला तरुण आहे. २०२० च्या टाळेबंदीत गावी परतलेला आणि पुन्हा कारखान्याच्या दाराशी जाण्याची इच्छा न उरलेला कामगार आहे. पतीच्या निधनानंतर सासरच्या सातबाऱ्यावर नाव न लागलेली, तरीही रोज त्याच बांधावर राबणारी विधवा आहे. यांच्यापाशी कौशल्य आहे, कष्टाची तयारी आहे. नाही ती जमीन.

येथे एक आक्षेप लगेच घेतला जातो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. जमिनीवर आधीच इतका भार असताना नव्या माणसांची भर कशाला? आकडे वरकरणी या आक्षेपाच्या बाजूने आहेत. १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रात ४९.५१ लाख वहिती खाती होती आणि खात्याचे सरासरी क्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ च्या गणनेत खाती १५२.८५ लाखांवर गेली आणि सरासरी क्षेत्र १.३४ हेक्टरवर आले. पण खाती वाढली म्हणजे कसणारे हात वाढले असे नव्हे. आजोबांच्या पश्चात चार मुलांची नावे सातबाऱ्यावर चढतात. त्यांतला एक गावी असतो, दोघे पुण्या-मुंबईत आणि चौथा परदेशी. कागदावर चार शेतकरी, शेतात मात्र एकच, आणि तोही साठी उलटलेला. दुसरीकडे जनगणना काय सांगते ते पाहा. २००१ मध्ये देशात १२.७३ कोटी शेतकरी आणि १०.६८ कोटी शेतमजूर होते. २०११ मध्ये शेतकरी ११.८७ कोटींवर उतरले आणि शेतमजूर १४.४३ कोटींवर पोहोचले. म्हणजे शेती करणारा समाज नाहीसा झालेला नाही. तो जमिनीच्या मालकीपासून दूर ढकलला गेला आहे. मालक एकीकडे आणि कसणारा दुसरीकडे, अशी ही फाळणी आहे. प्रश्न नव्या माणसांचा भार वाढविण्याचा नसून, जो प्रत्यक्ष कसतो त्याच्या पायाखाली स्थिर जमीन देण्याचा आहे.

ज्या कायद्याने दिले, त्यानेच अडविले

महाराष्ट्रात या विषयाची चर्चा कुळकायद्यापासूनच सुरू करावी लागते. १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम हा स्वातंत्र्योत्तर काळातील अत्यंत महत्त्वाचा सामाजिक कायदा होय. (मराठवाड्यासाठी १९५० चा हैदराबाद कायदा आणि विदर्भासाठी १९५८ चा स्वतंत्र कायदा आहे, तपशील वेगळे असले तरी आशय तोच.) १ एप्रिल १९५७ हा दिवस ‘कृषक दिन’ ठरला आणि त्या दिवशी जमीन कसणारी कुळे कायद्याच्या दृष्टीने त्या जमिनीची खरेदीदार मानली गेली. पिढ्यान्‌पिढ्या खंड भरणाऱ्या लक्षावधी कुटुंबांच्या जीवनात त्यामुळे जे परिवर्तन घडले, त्याचे मोल कमी लेखणे हा कृतघ्नपणा ठरेल. आज प्राध्यापक, अधिकारी, उद्योजक म्हणून वावरणाऱ्या अनेकांच्या घराचा पाया त्या दिवशी घातला गेला आहे.

कसणाऱ्याच्या हाती आलेली जमीन पुन्हा सावकाराच्या किंवा शहरी धनिकाच्या घशात जाऊ नये, म्हणून याच कायद्यात कलम ६३ घातले गेले. शेतकरी नसलेल्या व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन विकता येत नाही. केवळ विक्रीच नव्हे, तर बक्षीस, अदलाबदल आणि भाडेपट्टा यांनाही हे बंधन लागू आहे. हेतू निःसंशय चांगला होता. पण या भिंतीला जो दरवाजा ठेवला तो कसा होता? शेतीसाठी जमीन घेऊ पाहणाऱ्या बिगरशेतकऱ्याचे अन्य मार्गांनी मिळणारे वार्षिक उत्पन्न बारा हजार रुपयांहून अधिक असेल, तर त्याला परवानगी देऊ नये, अशी अट घातली गेली. वर्षाला बारा हजार, म्हणजे महिन्याला एक हजार! ज्याचे उत्पन्न इतके अल्प, तो जमिनीची किंमत कोठून आणणार? आणि किंमत देण्याइतके ज्याने साठविले, तो या अटीमुळे अपात्र. दरवाजा होता, पण त्यातून आत येऊ शकणारा माणूसच अस्तित्वात नव्हता.

आता याच्या शेजारी दुसरे कलम ठेवून पाहावे. १९९४ मध्ये या कायद्यात ६३-१अ हे कलम आले. त्यानुसार औद्योगिक वापरासाठी, ठरावीक क्षेत्रांत आणि अटींवर, बिगरशेतकऱ्यालाही जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय शेतजमीन घेता येऊ लागली. उद्योग हवेत, रोजगार हवा, याविषयी कोणाचे दुमत असणार नाही. तथापि शेतजमिनीवर कारखाना उभारू इच्छिणाऱ्याला वाट मोकळी आणि त्याच जमिनीत ज्वारी पेरू इच्छिणाऱ्याला परवानगीचा फेरा, ही विसंगती तीस वर्षे कुणाला फारशी खटकली नाही, हे आपल्या सार्वजनिक जीवनाचे नवल म्हटले पाहिजे. ज्याच्यापाशी अमाप पैसा आहे त्याला शेतकरी असल्याच्या दाखल्याची अडचण कधी पडली आहे, असेही दिसत नाही.

मग ही भिंतच पाडून टाकावी काय? शेजारच्या कर्नाटकाने २०२० मध्ये तेच केले. तेथील भूसुधारणा कायद्यातील ७९-अ आणि ७९-ब ही कलमे वगळण्यात आली आणि शेतकरी नसलेल्यांना शेतजमीन खरेदीची मुभा मिळाली. उत्साही तरुणांना त्यातून संधी मिळते, हे खरे. पण लिलाव खुला झाला की त्यात सर्वांत मोठी बोली शेती करणाऱ्याची नसते. महानगरांभोवतीच्या पट्ट्यात जमीन ही गुंतवणुकीची वस्तू होते आणि पेरणी हा तिचा दुय्यम उपयोग. म्हणून भिंत राहू द्यावी, पण प्रत्यक्ष कसणार असे हमीपत्र देणाऱ्या, शेतीचे शिक्षण किंवा मजुरीचा अनुभव असणाऱ्या माणसासाठी तिला खरा दरवाजा असावा. आणि त्याने काही वर्षे स्वतः शेती केली नाही तर जमीन परत घेण्याची सोय असावी, हाच मध्यममार्ग योग्य दिसतो.

किमतीचे गणित

कायद्याचा अडसर दूर झाला तरी किंमत उरतेच. समजा, एखाद्या जिरायत भागात एकराचा दर दहा लाख रुपये आहे. तेवढे कर्ज नऊ टक्क्यांनी मिळाले तरी वर्षाचे व्याज नव्वद हजार. त्या एकरात सोयाबीन आठ क्विंटल उतरले आणि क्विंटलला पाच हजार भाव मिळाला, तर हाती येणार चाळीस हजार. त्यातून बियाणे, खत, फवारणी, मळणी वजा जाता पंधरा-वीस हजार उरले तरी पुष्कळ झाले. मुद्दल दूरच, व्याजाचा चौथा हिस्साही जमीन फेडू शकत नाही. जमिनीची किंमत तिच्यात पिकणाऱ्या धान्यावरून न ठरता तिच्याजवळून जाणाऱ्या रस्त्यावरून ठरू लागली, तेव्हाच नव्या शेतकऱ्याला खरेदीचा मार्ग बंद झाला.

दात्यांच्या आणि शासनाच्या मार्गाने काय झाले, हेही पाहिले पाहिजे. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूमिहीन कुटुंबांनी विनोबांकडे ऐंशी एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी उभे राहून शंभर एकर देऊ केली. त्यातून उभ्या राहिलेल्या भूदान यज्ञात चाळीस लाख एकरांहून अधिक जमिनीचे दान जाहीर झाले. जगाच्या इतिहासात अशी दुसरी घटना शोधूनही सापडायची नाही. परंतु त्यातील बरीच जमीन खडकाळ होती, काही वादग्रस्त होती, काहींचे कागद कधी पूर्ण झालेच नाहीत. दान देण्याचा क्षण तेजस्वी होता. त्यानंतर मोजणी, हद्द, ताबा, विहीर, बैल ही जी रुक्ष कामे करावी लागतात, त्यांना तितके कार्यकर्ते लाभले नाहीत.

महाराष्ट्रात भूमिहीनांच्या प्रश्नावर १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी सत्याग्रह उभारला. हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. त्यांच्या नावाने राज्य शासनाने २००४ मध्ये सबलीकरण व स्वाभिमान योजना सुरू केली. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जातीच्या कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन शासन विकत घेऊन देते, आणि त्यात विधवा व परित्यक्ता स्त्रियांना प्राधान्य आहे. प्रारंभी निम्मे अनुदान आणि निम्मे बिनव्याजी कर्ज असे स्वरूप होते. २०१८ मध्ये ते शंभर टक्के अनुदान झाले आणि एकरी दराची कमाल मर्यादा जिरायतीसाठी पाच लाख व बागायतीसाठी आठ लाख ठरली. योजना उत्तम आहे. तिची अडचण एकच: या दराने जमीन विकायला मालक पुढे येत नाहीत. शासनाकडे निधी, समाजात गरजू, आणि मध्ये विक्रेता नाही, असे हे विचित्र दृश्य आहे. यावर पुढे पुन्हा येऊ.

कुळाची भीती

खरेदी परवडत नसेल, तर जमीन कसायला घ्यावी. तशी ती घेतलीही जाते. कोकणात खंडाने, देशावर निमबटाईने, विदर्भात ठेक्याने. फक्त हे सारे तोंडी चालते. कारण मालकाच्या मनात ‘कूळ लागेल’ ही भीती खोलवर बसलेली आहे, आणि ती निराधार नाही. १९५७ नंतर निर्माण झालेल्या कुळालाही वर्षाच्या आत जमीन खरेदीचा हक्क सांगता येईल, अशी तरतूद कलम ३२-ओ मध्ये आहे. शिवाय पिकाच्या हिश्श्यावर दुसऱ्याकडून कसवून घेणे हे कायद्याच्या व्याख्येत ‘स्वतः कसणे’ ठरत नाही. साहजिकच मालक कागद करीत नाही. तो दरवर्षी कसणारा बदलतो, किंवा जमीन पडीक ठेवणे पसंत करतो. कोकणातील कितीतरी मळ्यांवर आज रान माजले आहे ते केवळ मनुष्यबळाच्या अभावामुळे नव्हे.

या तोंडी व्यवहाराची किंमत मोजतो तो कसणारा. त्याला पीककर्ज मिळत नाही, कारण सातबारा दुसऱ्याचा. पीकविम्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार मागितला जातो. पीएम-किसानचा हप्ता खातेदाराच्या खात्यात जमा होतो. गारपीट झाली की नुकसान याचे आणि भरपाई त्याची. आणि पुढच्या वर्षी हीच जमीन आपल्याकडे राहील याची शाश्वती नसल्याने तो बांधबंदिस्ती करीत नाही, शेणखत टाकीत नाही, आंब्याचे कलम तर लावीतच नाही. जमिनीचा कस उतरतो तो असा. अकरा महिन्यांच्या मुदतीवर कोणीही मातीवर प्रेम करू शकत नाही.

हे टाळता येते का? केंद्रात नीती आयोगाने डॉ. टी. हक यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली आणि २०१६ मध्ये आदर्श कृषी जमीन भाडेपट्टा कायद्याचा मसुदा राज्यांपुढे ठेवला. मालकाची मालकी पूर्ण सुरक्षित, मुदत संपताच जमीन परत, आणि त्या मुदतीत कसणाऱ्याला कर्ज, विमा व आपत्तीतील मदत यांचा हक्क, हे त्याचे सूत्र. मध्य प्रदेशाने त्याच वर्षी भूस्वामी व बटाईदार या दोहोंच्या हितरक्षणाचा कायदा केला. आंध्र प्रदेशाने तर २०११ मध्येच कसणाऱ्यांना ओळखपत्रे देण्याचा कायदा केला होता. २०१९ मध्ये त्याजागी अकरा महिन्यांच्या कराराचा नवा कायदा आला. तथापि त्यावर मालकाची सही लागते, आणि सही करायला मालक कचरतो. कागदावरचा विश्वास मनात उतरायला कायद्याहून अधिक काही लागते.

ते ‘अधिक काही’ म्हणजे मध्ये उभी राहणारी विश्वासार्ह संस्था. केरळात १९७० पासून नवे कूळ निर्माण करण्यास बंदी आहे; नियम आपल्यापेक्षाही कडक. तरीही १९९८ मध्ये सुरू झालेल्या कुटुंबश्री उपक्रमातील स्त्रियांनी चार ते दहा जणींचे गट करून पडीक जमिनी कसायला घेतल्या. यांतल्या कित्येक जणी पूर्वी मजुरीवर जात होत्या. मालकाला एकटी अनोळखी बाई दिसत नाही. त्याला पंचायतीशी जोडलेला, शेजारपाजारचा, जबाबदार गट दिसतो. बँकही जमीन तारण न घेता गटाच्या सामूहिक हमीवर कर्ज देते. जपानचा अनुभवही असाच बोलका आहे. युद्धानंतर तेथेही कसणाऱ्याला जमीन मिळाली, १९५२ च्या कायद्याने बिगरशेतकऱ्यांवर निर्बंध आले, आणि दोन पिढ्यांनंतर वृद्ध मालक व ओस शेते असे चित्र निर्माण झाले. २०१४ पासून तेथे प्रत्येक प्रांतात शेतजमिनीची मध्यस्थ संस्था स्थापन झाली. मालक आपली जमीन या संस्थेला भाड्याने देतो आणि संस्था ती कसणाऱ्याला देते. लहान तुकडे जोडून सलग क्षेत्र करण्याचे कामही तीच करते. नव्याने शेतीत येणाऱ्यास किमान पन्नास आर क्षेत्राची जी अट होती, ती २०२३ मध्ये रद्द झाली.

आपल्याकडे मध्यस्थावर विश्वास ठेवून मालक दीर्घ मुदतीसाठी जमीन देतच नाहीत, असेही म्हणता येणार नाही. सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरसाल तीन टक्के वाढ, या दराने शेतकरी जमिनी भाड्याने देत आहेत. एकरी पन्नास हजार झाले. वीज लागतेच, त्याविषयी तक्रार नाही. पण योग्य हमी मिळाली तर मालक पंचवीस-तीस वर्षांचाही करार करतो, एवढे त्यातून सिद्ध होते. सौरपट्ट्यांना जी हमी शासनाने दिली, ती माणसांना देण्याचा विचार अद्याप व्हायचा आहे.

उद्यापासून करता येण्याजोगे

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोपर्यंत काय शक्य आहे, याचे उत्तर याच जुन्या कायद्याच्या एका कोपऱ्यात आहे. कलम ८८-ब अन्वये शैक्षणिक न्यास, रुग्णालये, पांजरपोळ, गोशाळा आणि सार्वजनिक पूजास्थाने यांच्या मालकीच्या जमिनींना, त्या संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या असतील आणि उत्पन्न संस्थेच्याच कामी लागत असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र घेऊन कुळकायद्याच्या बहुतांश तरतुदींतून सूट मिळते. म्हणजे जी भीती खासगी मालकाला आहे, ती या संस्थांना बाळगण्याचे कारण नाही. आणि १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ३६ नुसार शेतजमिनीचा भाडेपट्टा दहा वर्षांपर्यंतचा असेल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागत नाही. दहा वर्षे! नव्या शेतकऱ्याला दहा वर्षे मिळाली तर तो विहीर खणेल, बांध घालील, डाळिंब लावील.

गावोगावच्या शिक्षणसंस्था, देवस्थाने, गोशाळा यांच्या विश्वस्त मंडळांवर या सभागृहातील कितीतरी जण असतील. पुढच्या बैठकीत संस्थेच्या जमिनीचे सातबारे टेबलावर मागवावेत. किती एकर आहे, किती वहितीखाली आहे, कोण कसतो, काय देतो, हे विचारावे. बहुधा असे आढळेल की काही जमीन पडीक आहे आणि काही एखाद्या वजनदार माणसाकडे नाममात्र मोबदल्यात वर्षानुवर्षे आहे. हा विषय अप्रिय आहे. तो काढणाऱ्याला दुसऱ्या दिवशी गावात चार नमस्कार कमी मिळतील. पण जमीन मोकळी होणार असेल तर ती अशीच होईल.

ज्या कुटुंबांची गावाकडची जमीन विकायचीच ठरली आहे, त्यांनी दलालाला दूरध्वनी करण्यापूर्वी जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात एक अर्ज देऊन पाहावा. गायकवाड योजनेत शासन स्वतः खरेदीदार असते. बाजारापेक्षा दर कमी मिळेल, हे लपविण्याचे कारण नाही; महामार्गालगतच्या जमिनीच्या मालकाला हा सल्ला रुचणारही नाही. पण आडगावच्या चार एकर जिरायतीचे वीस लाख, आणि तेही तिच्यात आजवर राबलेल्याच एखाद्या कुटुंबाच्या नावावर ती जाणार असेल, तर तीन भावांना ते मान्य व्हायला हरकत नसावी. घरात बसून एकदा बोलले पाहिजे, इतकेच.

राहिला कराराचा तपशील. न्यासाने जमीन देताना जाहीर नोटीस लावावी आणि निवड ग्रामसभेसमोर करावी, म्हणजे आप्तस्वकीयांचा आरोप येत नाही. पहिल्या दोन वर्षांचा मोबदला अल्प ठेवून तो पुढे वाढवावा, कारण पडीक रान वहितीखाली आणण्यातच ती दोन वर्षे जातात. विहिरीचा, पाइपलाइनचा, फळझाडांचा खर्च कसणाऱ्याने केला आणि करार संपला, तर शिल्लक मूल्य त्याला कसे मिळेल, हे आरंभीच लिहावे. याच मुद्द्यावर नंतर कटुता येते. करार निबंधकाकडे नोंदवावा आणि ई-पीक पाहणीत कसणाऱ्याचे पीक नोंदले जाते आहे ना, हे तलाठ्याकडे स्वतः जाऊन पाहावे. महाराष्ट्रात शेतीचे करार गुढीपाडव्याला होतात. पाडव्याला कागद व्हायचा तर मोजणी दिवाळीनंतर लगेच लावावी लागते. भूमिअभिलेख कार्यालयाची तारीख मिळायलाच दोन-तीन महिने जातात.